एक ग्रंथ, अनेक अंगे

ग्रंथालयाची तालिका हा वसंत ऋतूतल्या संध्याकाळी चार माणसांना जमवून बोलण्याचा विषय नव्हे, असे एका स्नेह्यांनी मला आधीच बजावले होते. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तालिका म्हणजे पूर्वी लाकडी खणांतली कार्डे आणि आता संगणकाच्या पडद्यावरच्या ओळी. घरातली मोरी तुंबली म्हणजेच तिची आठवण व्हावी, तसे तिचे आहे. सुरळीत चालते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

माझ्यापुरती ही मोरी प्रथम तुंबली ती विद्यार्थिदशेत. एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात किल्ल्यांविषयीचे एक जुने पुस्तक मला मिळाले. मुखपृष्ठावर ‘नकाशासह’ असे ठळक छापलेले, आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला खिसा रिकामा. मजकुरात पानोपानी “नकाशात दाखवल्याप्रमाणे” असे येई आणि वाचणाऱ्याचा पाय दर वेळी खड्ड्यात जाई. ग्रंथपाल वृद्ध आणि सज्जन होते. दाखल नोंदवही उघडून, नाकावरचा चष्मा वर सरकवून ते म्हणाले, “पुस्तक नोंदलेलं आहे बघा. नकाशा नोंदलेला नाही. म्हणजे तो आमच्याकडे आला की नाही, हे मला सांगता यायचं नाही.”

त्या वेळी मला राग आला होता. पुढे कळले की ग्रंथालयशास्त्रातल्या एका जुन्या आणि चिवट प्रश्नाचे ते अगदी नेमके वर्णन होते. ज्या ग्रंथाची अंगे अनेक आहेत आणि ती एका जातीची नाहीत, म्हणजे काही छापील, काही चित्ररूप, काही ध्वनिरूप, तो ग्रंथ एक म्हणून टिकतो तो कशाच्या बळावर? शिवणीच्या नव्हे, कारण अंगे एकत्र शिवलेली नसतात. कपाटाच्या नव्हे, कारण आकार वेगळे म्हणून कपाटेही वेगळी. उरते ती तालिकेतली नोंद. ती तुटली की इमारतीत वस्तू असूनही ग्रंथ हरवतो. आजच्या इतिहासाचा मुद्दा एवढाच आहे.

पहिले उदाहरण अमेरिकेतल्या पक्ष्यांचे घेऊ. जॉन जेम्स ऑड्युबन या चित्रकाराने १८२७ ते १८३८ या अकरा वर्षांत ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ हा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. गरुड असो की चिमणी, पक्षी खऱ्या मापाचा काढायचा असा त्याचा हट्ट. त्यामुळे कागद जवळजवळ सव्वातीन फूट उंच झाला. एका हप्त्यात पाच चित्रे, असे ८७ हप्ते आणि एकंदर ४३५ चित्रे. या चित्रांत मजकूर मात्र नाही. पक्ष्यांच्या सवयी, त्यांचा आवाज, त्यांचे घरटे हे सारे त्याने ‘ऑर्निथॉलॉजिकल बायोग्राफी’ या नावाने पाच वेगळ्या खंडांत लिहिले. त्या कामी विल्यम मॅकगिलिव्हरे या स्कॉटिश पक्षिशास्त्रज्ञाची त्याला मदत झाली आणि हे खंड १८३१ ते १८३९ मध्ये एडिंबरोहून निघाले.

चित्र एकीकडे आणि त्याचे वर्णन दुसरीकडे, हा उद्योग त्याने का केला? ब्रिटिश कायद्याप्रमाणे छापील मजकुराच्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना फुकट द्याव्या लागत. नुसत्या चित्रांना ते बंधन नव्हते. एवढ्या खर्चाच्या प्रती फुकट वाटणे ऑड्युबनला परवडणारे नव्हते, म्हणून त्याने मजकूर कापून वेगळा केला. अर्थात ग्रंथाचे दोन तुकडे झाले ते ग्रंथालयांना चुकवण्यासाठी, आणि ते जोडण्याचे काम पुढे पडले ते ग्रंथालयांवरच! तालिकाकार शीर्षकपृष्ठ पाहून नोंद करतो. इथे शीर्षके दोन, साले दोन, आकार दोन. नियमाने पाहिले तर ही दोन पुस्तके आहेत. ऑड्युबनच्या मनात मात्र ते एकच होते.

याच सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनियो पानिझ्झी नावाचा इटालियन गृहस्थ तालिकेचे नियम रचीत होता. मायदेशी क्रांतिकारकांत सामील झाल्यामुळे त्याला देशत्याग करावा लागला, आणि तो परागंदा असताना तिथे त्याला देहान्ताची शिक्षा ठोठावण्यात आली. असा माणूस पुस्तकांच्या नोंदींचा कायदा लिहायला बसला, आणि त्याचे ९१ नियम १८४१ मध्ये छापून निघाले. लोकांना हे सारे अवडंबर वाटले. नोंद करायला काय लागते, लेखकाचे नाव आणि पुस्तकाचे नाव लिहिले की झाले, असे विद्वान म्हणत. जॉन पेन कॉलियर या साहित्यपंडिताने तर नमुन्यादाखल २५ पुस्तकांच्या नोंदी झटपट करून दाखवल्या. पानिझ्झीच्या सहकाऱ्याने त्या तपासल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीत चूक निघाली.

त्या चौकशीत साक्ष देणाऱ्यांत टॉमस कार्लाइल होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या हजारो चोपड्या-पत्रकांचा एक मोठा संग्रह म्युझियममध्ये होता आणि कार्लाइलला नेमका तोच हवा होता. तो होता, पण त्यातले काय कुठे आहे हे सांगणारी नोंद नव्हती. पेट्यांत भरून समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवला असता तरी मला सारखेच, अशा आशयाची कडवट साक्ष त्याने दिली. कार्लाइल आणि पानिझ्झी यांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. मला मात्र वाटते की तालिकेच्या बाजूने इतकी जोरदार साक्ष पानिझ्झीच्या मित्रांनीही दिली नसेल.

आता घराजवळ येऊ. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आपल्यापैकी अनेकांनी निदान दुरून पाहिला असेल. त्याचे २३ विभाग आहेत. पण सहाव्या विभागापासून अकारविल्हे नोंदी सुरू होतात, त्याआधीचे पाच विभाग ही प्रस्तावना. पाच विभागांची प्रस्तावना लिहिणे केतकरांनाच शोभते. या पाचांना स्वतंत्र नावे आहेत: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. आता ‘विज्ञानेतिहास’ कुठे ठेवावा? ज्ञानकोशाच्या रांगेत ठेवला तर विज्ञानाचा इतिहास शोधणाऱ्याला तो सापडत नाही. विज्ञानाच्या कपाटात ठेवला तर ज्ञानकोशाचा एक दात पडल्यासारखा दिसतो.

या कोड्याला शास्त्रशुद्ध उत्तर देणारा माणूस मद्रासेत होता. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९३४ मध्ये त्यांची वर्गीकृत तालिकेची संहिता प्रसिद्ध झाली. बहुखंडी ग्रंथांचे त्यांनी दोन प्रकार मानले. एकात सगळ्या खंडांना मिळून एकच नाव असते. दुसऱ्यात प्रत्येक खंडाला त्याचे स्वतःचे नाव असते. दुसऱ्या प्रकारात मुख्य नोंदीत समग्र ग्रंथ आणि त्याचे खंड, दोन्ही आले पाहिजेत आणि खंडाच्या नावावरून व विषयावरूनही वाचकाला तिथवर पोहोचता आले पाहिजे. म्हणजे पुस्तक एका जागी राहील, वाटा अनेक राहतील. ‘विज्ञानेतिहास’ ज्ञानकोशाच्या रांगेतच राहील आणि विज्ञानाच्या खणातले एक कार्ड वाचकाला बोट धरून तिथे नेईल. उत्तर ऐकल्यावर सोपे वाटते, तसे ते आहेही. पण त्यासाठी एका पुस्तकाला दोन-तीन जादा कार्डे लिहावी लागतात, आणि ती लिहायला ग्रंथालयात माणूस असावा लागतो.

तरी ज्ञानकोशाची सारी अंगे निदान कागदाची आहेत. खरी परीक्षा पाहिली ती सरकारी खर्चाने निघालेल्या एका प्रचंड ग्रंथाने, आणि त्याचा आपल्या भाषेशी निकटचा संबंध आहे. तो ग्रंथ म्हणजे सर जॉर्ज ग्रिअर्सन यांची ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’, हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी.

१८८६ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने अशी पाहणी व्हावी असा आग्रह धरला. ग्रिअर्सन तेव्हा बंगालमध्ये मुलकी अधिकारी होते. १८९८ मध्ये त्यांना या कामावर नेमले आणि पुढची तीस वर्षे त्यांनी तेच केले, त्यातली बहुतेक इंग्लंडमधल्या कॅम्बर्ली या गावी बसून. पद्धत अशी की प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागवायचे. पहिला, बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. दुसरा, त्या बोलीतलीच एखादी गोष्ट, गाणे किंवा निवेदन. तिसरा, शब्दांची आणि छोट्या वाक्यांची ठरलेली यादी. उधळ्या पुत्राची कथा निवडण्यामागे धर्मप्रसार नव्हता. तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळांची क्रियापदे येतात, म्हणून ती व्याकरणाला सोयीची. एका बापाला दोन मुलगे होते, हे एक वाक्य देशात शेकडो बोलींत लिहिले गेले. कारकून, शिक्षक, मिशनरी यांनी ते लिहून कॅम्बर्लीच्या वाटेला लावले.

छापील ग्रंथाचे खंड ११, पण बांधलेली पुस्तके १९, कारण काही खंडांचे दोन-दोन, तीन-तीन भाग आहेत आणि नवव्याचे तर चार. मराठीचा खंड सातवा, १९०५ सालचा. तो मुख्यतः स्टेन कोनोव या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला. खंडांत बोलींचे घडीचे नकाशेही आहेत. छपाई १९०३ मध्ये सुरू झाली, परंतु क्रमाने नव्हे. प्रास्ताविक म्हणून योजलेला पहिला खंड सर्वांत शेवटी, १९२७-२८ मध्ये आला. तोवर तालिकेतल्या कार्डावर ‘१९०३–’ असे लिहून पुढची जागा कोरी ठेवायची, आणि कधी तरी ग्रंथ पुरा होईल तेव्हा ती भरायची. पंचवीस वर्षे कोरी राहिलेली ती जागा भरताना कुणा अनाम कारकुनाला काय वाटले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

हे झाले कागदाचे. भाषा लिहून ती पुरी हाती लागत नाही, हे ग्रिअर्सन यांना उमगले होते. लिहिलेल्या शब्दात हेल येत नाही, आघात येत नाही. मराठीतला ‘च’ जागा पाहून दोन तऱ्हांनी उच्चारला जातो, हे नागरी लिपी कसे दाखवणार? म्हणून १९१३ पासून १९२९ पर्यंत निरनिराळ्या प्रांतिक सरकारांच्या साहाय्याने ग्रामोफोनच्या तबकड्या करवून घेण्यात आल्या. भाषा-बोलींचे दोनशेहून अधिक नमुने त्यांत आहेत. तीच उधळ्या पुत्राची कथा आता माणसाच्या तोंडून ऐकू येऊ लागली, आणि जोडीला तिथल्या गोष्टी नि गाणीही. तबकड्यांचे संच लंडन, पॅरिस येथील संस्थांना पाठवण्यात आले.

आता तालिकाकाराच्या जागी बसून पाहा. समोर १९ पुस्तके, त्यांत नकाशे, आणि लाखेच्या ठिसूळ तबकड्यांची चळत. तबकडीवर मधोमध चिकटवलेल्या गोल कागदापेक्षा जास्त शीर्षकपृष्ठ नाही. शिवाय त्या कोणत्या खंडाच्या, हा प्रश्न. मराठी खंड १९०५ चा, तबकड्या त्यानंतरच्या. खंडात तबकडीचा उल्लेख असणेच शक्य नाही. मद्रासची गोष्ट तर याहून चमत्कारिक. मद्रास इलाखा छापील पाहणीच्या कक्षेतून वगळला होता. तबकड्या मात्र तिथल्या भाषांच्याही झाल्या आणि त्यांच्यावरच्या उताऱ्यांचे पुस्तक मद्रासहून १९२७ मध्ये स्वतंत्र निघाले. म्हणजे आवाज आहे, पण तो ज्याच्या जोडीला असावा ती त्या इलाख्याची छापील पाहणीच नाही. या तबकड्या ग्रिअर्सन यांच्या ग्रंथाचा भाग मानायच्या की नाही? मी म्हणेन, मानाव्यात. कारण एकाच प्रयत्नाची ही फळे. पण शीर्षकपृष्ठ हाच पुरावा धरणारा तालिकाकार ‘नाही’ म्हणाला तर त्याला चूक ठरवणे कठीण आहे.

व्हायचे तेच बहुधा झाले. पुस्तके संदर्भविभागाकडे गेली, तबकड्या ध्वनीच्या विभागाकडे. भाषेचा अभ्यासक पहिल्या कपाटापाशी जाई, आणि ग्रामोफोनच्या इतिहासाचा हौशी दुसऱ्यापाशी. दोघांची गाठ पडत नसे. कित्येक पिढ्यांच्या अभ्यासकांनी ही पाहणी केवळ वाचायचा ग्रंथ म्हणून वापरली.

सातव्या खंडात आणखी एक गाठ आहे. तिथे कोकणी ही मराठीची बोली म्हणून घातली आहे. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण गोव्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने तालिकेत ‘कोकणी’ पाहिले आणि तिथे या खंडाकडे बोट दाखवणारी नोंद नसली, तर आपल्या भाषेचे शंभर वर्षांपूर्वीचे नमुने समोरच्या कपाटात असून तिला कळणार नाहीत. भाषेविषयीचे मत बदलले की जुन्या ग्रंथाकडे जाणाऱ्या वाटाही नव्याने आखाव्या लागतात.

मिश्र साहित्यासाठी नियम पुढे झाले. १९६७ च्या आंग्ल-अमेरिकन तालिका-नियमांत पुस्तकेतर साहित्याला शेवटी एक वेगळा भाग मिळाला. १९७८ च्या दुसऱ्या आवृत्तीने पुस्तक, नकाशा, ध्वनिमुद्रिका, चित्रपट या साऱ्यांना वर्णनाचा एकच सांगाडा दिला. त्यात मिश्र संचाविषयी असे ठरले: संचातले एखादे अंग प्रधान असेल तर नोंद त्याची करावी आणि बाकीचे ‘सोबतचे साहित्य’ म्हणून दाखवावे, कोणतेच प्रधान नसेल तर त्याला ‘संच’ म्हणावे. सोबतचे साहित्य दाखवायची खूण बेरजेची. ‘३१२ पाने + १ नकाशा’. ‘९६ पाने + १ ध्वनिफीत’. ती इवलीशी फुली मला फार आवडते. ग्रंथालयात तिच्याइतके ओझे वाहणारे दुसरे चिन्ह नसेल.

पण प्रधान कोण, हे ठरवायचे कुणी? व्यवहारात उत्तर ठरलेले असे: ज्याला पुठ्ठा आहे ते प्रधान, बाकीचे सोबती. पोवाड्यांच्या पुस्तकाबरोबर शाहिराच्या आवाजाची ध्वनिफीत आली, तर प्रधान कोण? मला विचाराल तर ध्वनिफीत. छापील पोवाडा हा गायलेल्या पोवाड्याचा आराखडा फक्त. तरी नोंद पुस्तकाची होते, कारण पुस्तक कपाटात उभे राहते आणि फीत राहत नाही. ही सोयीची निवड आहे, गुणाची नव्हे, एवढे मान्य केले तरी पुरे. २०१० मध्ये आलेल्या नव्या नियमसंहितेने आशय, तो ऐकण्या-पाहण्याचे साधन आणि तो वाहणारी वस्तू या तीन गोष्टी निरनिराळ्या नोंदवायला सांगून हा गुंता पुष्कळ सोडवला. परंतु ती संहिता आपल्या किती वाचनालयांच्या दारात पोहोचली, याचा हिशेब इथे मांडला तर सभा उदास होईल.

कायद्याचेही तसेच आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्याव्यात असे ठरले. मुंबईची एशियाटिक सोसायटी त्यांपैकी एक. त्या कायद्यातल्या ‘पुस्तक’ शब्दाच्या व्याख्येत खंड आले, खंडाचा भाग आला, संगीताच्या स्वरलिपीचा कागद आणि स्वतंत्र छापलेला नकाशाही आला. ध्वनिमुद्रिकेचे नाव त्यात नाही. १९५४ साली ते नसणे समजण्यासारखे आहे. पण पुढे ध्वनिफीत आणि चकती जोडलेली मराठी पुस्तके निघाली, बालगीतांची, अभंगांची, भाषाशिक्षणाची, तेव्हा कायद्याच्या अक्षराप्रमाणे पुस्तक पाठवणे बंधनकारक आणि आवाज पाठवणे प्रकाशकाच्या मर्जीवर, अशी स्थिती झाली. ऑड्युबनने मुद्दाम शोधलेली फट आपल्याकडे आपोआप पडली.

जिथे चकती आली तिथेही तिचे नशीब ठरलेले. हरवू नये म्हणून ती खिशातून काढून कार्यालयाच्या कुलपात ठेवतात. हेतू चांगला असतो. पुस्तक वाचकाच्या घरी जाते, चकती कुलपात राहते, कुलपाची किल्ली ज्यांच्याकडे ते सेवानिवृत्त होतात, आणि पुस्तकाच्या नोंदीत ती बेरजेची फुली नसेल तर कुलपात काय आहे हे विचारायला कोणी जात नाही.

ग्रिअर्सन यांच्या तबकड्यांची कथा मात्र बरी निघाली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयप्रकल्पाने त्यांतले आवाज संगणकावर आणले आणि छापील खंडांची पानेही तिथेच ठेवली. लाख आणि कागद हा भेदच तिथे उरला नाही. आज कुणीही घरबसल्या एका डोळ्याने पान पाहत, एका कानाने तो शंभर वर्षांपूर्वीचा खरखरीत आवाज ऐकू शकतो. बोलणाऱ्याचे घसा खाकरणेदेखील कधी ऐकू येईल. अर्थात तिथेही आवाज कोणत्या भाषेचा आणि कोणत्या भागातला, हे सांगणारी नोंद कुणी तरी बसून केली, तेव्हाच तो सापडतो.

त्या किल्ल्यांच्या नकाशाचे सांगायचे राहिले. पुष्कळ वर्षांनी त्याच वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मी गेलो होतो. रंगरंगोटीसाठी कपाटे हलवली होती, आणि एका कपाटाच्या माथ्यावर जुन्या दिनदर्शिकांच्या गुंडाळीत तो सापडला. घड्यांवर विरलेला, पण पुरा. सज्जन ग्रंथपाल तोवर राहिले नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना मी ती हकीकत सांगितली. त्यांनी नोंदवही काढली, पुस्तकाचा दाखल अंक नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिला, मग पुस्तकाचे कार्ड शोधून पानांच्या आकड्यापुढे एक छोटी फुली काढली. पुस्तक त्या दिवशी कुणाकडे तरी वाचायला गेले होते. नकाशा त्यांनी एका लिफाफ्यात घालून, वर पुस्तकाचे नाव घालून, टेबलाच्या खणात ठेवला.